त्याच्या अक्षराखाली माझी सही

मी पाट्या रंगवायचो. एसटी स्टँडमागच्या गल्लीत दहा बाय बाराचं दुकान होतं. धाराशिव, तेर, वाशी, पार परंड्यापर्यंत दुकानांच्या, शाळांच्या, दूध डेअऱ्यांच्या पाट्यांवर उजव्या कोपऱ्यात खाली माझी सही आहे. त्यातल्या कितीतरी सह्या खोट्या आहेत. म्हणजे सही माझीच आहे, पण जे अक्षर बघून रस्त्यावरचा माणूस थांबायचा, ते माझं नाही. ही गोष्ट मला आणि आणखी एका माणसाला माहीत होती. तो बोलला नाही आणि मी बोलू दिलं नाही.

आता बोलायची वेळ आली ती माझ्या नातीमुळं. ती पुण्याला डिझाइनचं शिकते. नेमकं काय शिकते ते मला नीट सांगता येत नाही. मी त्याला तिकडचं पेंटरकाम म्हणतो आणि ती हसते. मागच्या दिवाळीत घरी आली, जेवण झाल्यावर लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "आबा, चष्मा लावा आणि मध्ये बोलू नका."

पहिलं चित्र एका नाट्यमहोत्सवाच्या पोस्टरचं होतं. काळी जमीन आणि त्यावर एकच अक्षर, पिवळा 'ळ', कागदाच्या वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत. नाटकांची नावं त्या 'ळ'च्या दोन पोकळ्यांत बारीक बसवली होती. दुसरं एका पुस्तकाचं मुखपृष्ठ. त्यावर चित्रच नव्हतं, नुसतं नाव, पण त्या नावातल्या वेलांट्या अशा कललेल्या की वाचताना पाऊस तिरपा येतोय असं वाटावं. मग गुळाच्या ढेपेचं वेष्टण. मग एका शाळेची लांबलचक भिंत, तिच्यावर पूर्ण बाराखडी, प्रत्येक अक्षर पोरांच्या उंचीचं.

फ्लेक्सचं मशीन आल्यापासून मी अक्षराकडं बघणंच सोडलं होतं. चौकात वाढदिवसाचे बोर्ड लागतात, त्यावर पन्नास चेहरे आणि खाली कॉम्प्युटरची चपटी अक्षरं. मान वर करायची इच्छा होत नाही. मला वाटत होतं की आमचा धंदा मेला आणि त्याबरोबर अक्षरही मेलं. आणि इथं कुणीतरी तेच अक्षर उचलून, धुऊन, नव्या कामाला जुंपलं होतं, आणि ते काम इतकं चांगलं होतं की मी नकळत लॅपटॉपच्या काचेवर बोट ठेवून तो 'ळ' गिरवला. काचेवर बोटाचा डाग पडला. नातीनं तो ओढणीनं पुसला.

मग म्हणाली, "हे कुणाचं अक्षर आहे?"

मी चष्मा काढून खिशात ठेवला.

"अहो आबा, तुमचं आहे. आमच्या कॉलेजात शिकवायला येतात त्या मॅडमनी केलंय. आपल्या जिल्ह्यात फिरून त्यांनी सगळ्या जुन्या पाट्यांचे फोटो काढलेत. गावाचं नाव बदललं तसे लोक जुन्या नावाच्या पाट्या उतरवायला लागले, म्हणून त्या घाईनं आल्या होत्या. आता ह्या अक्षराचा फॉन्ट करतायत. नाव काय ठेवणार माहितीय? तुमचं नाव."

मी तिला त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. मी सांगितलं, "बरं केलंय पोरीनं." आणि दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन चार जणांना पेढे दिले.

ज्याचं अक्षर होतं त्याच्याबद्दल आता सांगतो.

तो तेरचा. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. दुकानात आला तेव्हा लग्न झालेला, पंचविशीतला गडी होता. त्याच्या वस्तीत जयंतीचे निळे कापडी फलक तोच लिहायचा. ते एकदा बघितले आणि मीच त्याला बोलावून आणलं. अकरा वर्षं तो माझ्याकडं होता. एकाच कपातून चहा प्यायचो आम्ही, कारण दुकानात कप एकच धड होता.

पाटी लिहायची आम्हा सगळ्यांची रीत अशी. दोरा खडूच्या पुडीत घोळवायचा, दोन टोकांना ताणून धरायचा आणि टिचकी मारायची. पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उमटते. ती शिरोरेषा. आधी ती रंगवायची आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगायची, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी. माझ्या गुरूनं मला तसं शिकवलं, त्यांच्या गुरूनं त्यांना. हा मात्र आधी अक्षरं लिहायचा, मोकळी, उघड्या डोक्याची. सगळी लिहून झाली की लांब केसांचा ब्रश भरून घ्यायचा, श्वास रोखायचा आणि डावीकडून उजवीकडं एका दमात रेघ ओढायचा. ती रेघ फूटपट्टीची नसायची. अक्षर उंच असेल तिथं जराशी चढायची, बुटकं असेल तिथं उतरायची. मी एकदा विचारलं, असं उलटं का. तो म्हणाला, "आधी मानसं उभी ऱ्हाऊ द्या की पेंटर. मंग त्येंच्या उंचीनं मांडव घाला. तुमी आधी मांडव घालता आन् मानसाला म्हन्ता वाक."

गिऱ्हाईक 'ती चढत्या रेघेची पाटी' मागायला लागलं. आणि प्रत्येक पाटीवर मी सही करत गेलो. आमच्या धंद्यात सही ज्यानं काम घेतलं त्याची असते. ब्रश कुणाच्या हातात होता ते कुणी विचारत नाही. हा नियम आहे, आणि मी कित्येक वर्षं ह्या नियमाच्या आड बसलो.

मग वाशीकडच्या एका गावातून मंदिराच्या पाटीचं काम आलं. कमिटीतला एकजण दुकानात येऊन गेला होता, तेव्हा ह्याला काम करताना बघितलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "पाटी तुमीच लिहा. समजून घ्या." मी समजून घेतलं. दुकानात येऊन त्याला म्हणालो, तू खाका करून दे, मी जाऊन भरतो. खाका म्हणजे मोठ्या कागदावर पूर्ण पाटी पेन्सिलनं काढायची, रेघेरेघेवर सुईनं भोकं पाडायची, मग कागद पत्र्याला लावून वरून निळीची पुरचुंडी आपटायची. भोकांतून ठिपके उमटतात आणि पाटी आयती समोर येते. त्यात फक्त रंग भरायचा. त्यानं विचारलंही नाही का. चार दिवस बसून त्यानं खाका केला. इतका सुंदर खाका मी परत बघितला नाही. मी जाऊन भरला, रेघ खाक्याच्या मापानं फूटपट्टी लावून मारली आणि सही केली. गावानं मला नारळ दिला.

परत आल्यावर तो एवढंच म्हणाला, "आता हितून फुडं सहीत माझंबी नाव टाका. बारीक टाका. पर टाका."

मी म्हणालो, "सही दुकानाची असते."

"मंग दुकानाचं नाव लिवा. तुमचं कामून लिवता?"

उत्तर नसलं की माणूस चिडतो, तसा मी चिडलो. आठवड्याभरात तो गेला आणि भाजी मंडईच्या कोपऱ्यावर त्यानं आपली टपरी टाकली. महिन्यात माझं एक कापड दुकान आणि एक पतसंस्था, दोन्ही जुनी गिऱ्हाईकं, त्याच्याकडं गेली. ज्या दिवशी मला ते कळलं त्या दिवशी माझ्या मनात एक शब्द आला. तो शब्द मी इथं लिहीत नाही. तोंडातून कधी काढला नाही, पण तो आला होता, आणि पुढं जे केलं ते त्या शब्दाच्या जोरावर केलं.

त्याचे तीसएक खाके माझ्या दुकानातल्या पत्र्याच्या पेटीत राहिले होते. अकरा वर्षांचे. पूर्ण बाराखडी, आकडे, जोडाक्षरं. तो मागायला आला. मी म्हणालो, उंदरांनी खाल्ले. तो पेटीकडं बघत उभा राहिला. पेटीला कुलूप होतं. मग गेला.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या खाक्यांवर जिल्हा रंगवला. मिळेल ते काम धरलं. सायकलच्या दुकानाची पाटी, पिठाच्या गिरणीची, बालवाडीची. त्याच्यापेक्षा कमी दरात, वेळेला फुकटसुद्धा. परंड्याला जाऊन आठ-आठ दिवस राहिलो. जिथं तिथं त्याचं अक्षर, खाली माझी सही. मला धंदा वाढवायचा नव्हता. जिल्ह्यात त्याचं अक्षर माझं म्हणून इतकं दिसायला हवं होतं की त्यानं स्वतः लिहिलं तरी ते माझंच वाटावं. तसंच झालं. मंडईतल्या एका व्यापाऱ्यानं त्याला टपरीत उभ्यानं सुनावलं, "अरे, तू तर त्यांचीच नक्कल मारतोस. स्वतःचं कायतरी काढ की." तो व्यापारी हसत हसत मला सांगायला आला. मी त्याला चहा पाजला आणि परत एकदा सांगायला लावलं.

एवढ्यावर भागलं नाही. तेरला त्याच्या घरासमोर बी-बियाण्याचं दुकान निघालं. मी मालकाला भेटून पाटी फुकट लिहून दिली. सगळ्यात चांगला खाका त्या कामासाठी वापरला आणि सही दुप्पट मोठी केली. रोज दार उघडलं की त्याला ती दिसावी म्हणून. रंग भरताना मला जो आनंद झाला तसा कुठल्याच कामात झाला नव्हता. हे लिहिताना मला शरम वाटते, पण आनंद झाला होता हे खोडत नाही.

त्यानं टपरी बंद केली. पुढं तो एका ठेकेदाराकडं विजेच्या खांबांवर नंबर टाकायच्या कामाला लागला, असं कानावर आलं. त्याला अक्षरं राहिली नाहीत, नुसते आकडे राहिले. काही वर्षांनी फ्लेक्स आला आणि माझंही दुकान बसलं. कुणाला त्यात न्याय दिसला तर दिसो. मला तेव्हा फक्त एवढंच वाटलं की बरं झालं, तो माझ्या आधी बुडाला.

तर आता त्या मॅडम. नातीनं त्यांना फेब्रुवारीत घरी आणलं. तिशीची मुलगी, पायात कोल्हापुरी, गळ्यात कॅमेरा. येताना माझ्यासाठी रंगाचा डबा आणि दोन ब्रश घेऊन आली होती. अंगणात पत्रा मांडला. तिनं कॅमेरा स्टँडवर लावला आणि म्हणाली, "काका, एक शब्द लिहा. काहीही. तुमचा हात चालताना मला बघायचाय."

मी दोरा घेतला, पुडीत घोळवला, नातीला एक टोक धरायला सांगितलं आणि टिचकी मारली.

मॅडमनी कॅमेऱ्यामागून डोकं काढलं. "रेघ आधी?"

"सगळेच आधी मारतात."

"हो, सगळे मारतात. तुम्ही नाही मारत." तिनं लॅपटॉप उघडला, एका पाटीचा फोटो मोठा मोठा करत नेला. रंगाचे थर दिसायला लागले. "हे बघा. 'प'ची उभी काठी खाली आहे आणि शिरोरेषेचा रंग तिच्यावरून गेलाय. जुन्या सगळ्या पाट्यांवर असंच आहे. मंदिराच्या आणि त्यानंतरच्या पाट्यांवर मात्र रेघ खाली आणि अक्षर वर. मला हेच विचारायचं होतं. पद्धत बदलली का तुम्ही?"

तिनं नुसत्या फोटोंवरून ते पकडलं होतं. जिल्हा तीस वर्षं त्या पाट्यांखालून गेला आणि कुणाला दिसलं नव्हतं. मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं.

मी म्हणालो, "हो. वयानं बदलली."

"वाटलंच," ती म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. नंतर नातीला समजावत होती की हा काकांचा पूर्वकाळ, हा उत्तरकाळ, उत्तरकाळात हात जास्त शिस्तीत आलाय. माझी चोरी तिनं माझा उत्तरकाळ म्हणून लिहून घेतली. मी मान हलवली.

चहा पिताना ती म्हणाली, "अजून एक गंमत दाखवते." फोटो होते विजेच्या खांबांचे. एकामागून एक, शेतातल्या, रस्त्याकडेच्या, वाकलेल्या खांबांचे. प्रत्येकावर काळ्या रंगात आकडे. मी बघितले आणि कप खाली ठेवला. दोनचं शेपूट, आठची कंबर, नऊचं वळण. खांबाची गोलाई धरून ते आकडे असे फिरवले होते की बांधावरून बघा किंवा रस्त्यावरून, सरळच दिसावेत. अडीच वीत जागा, खरबरीत सिमेंट, जुना ब्रश, आणि बघणारं कुणी नाही. तिथंही त्यानं एक आकडा वाईट काढला नव्हता.

"कोण आहे माहीत नाही," ती म्हणाली. "पण तुमच्या अक्षराचा मोठा चाहता असणार. हुबेहूब तुमची नक्कल केलीय. फॉन्टबरोबर पुस्तिका काढतेय, तिच्यात मी एक पान ठेवलंय. अज्ञात अनुयायी म्हणून."

मंडईतल्या व्यापाऱ्याचं वाक्य. तेच, आता छापून येणार होतं, चांगल्या कागदावर, कौतुकानं. आणि ते ज्यानं पहिल्यांदा घडवून आणलं तो मी समोर बसून बिस्कीट बुडवत होतो. माझ्या सहीवर मला त्या दिवशी जेवढी चीड आली तेवढी आयुष्यात कुणावर आली नव्हती, त्याच्यावरसुद्धा नाही. मी तेव्हाही बोललो नाही. मॅडम गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नातीकडून ते सगळे फोटो माझ्या मोबाइलवर घेतले आणि तेरची एसटी धरली.

त्याचं घर सापडायला वेळ लागला नाही. समोरची बी-बियाण्याच्या दुकानाची पाटी अजून होती. रंग उडाला होता, सही मात्र वाचता येत होती.

तो ओट्यावर बसला होता. हात थोडे थरथरत होते. मी पायरीशी उभा राहिलो.

"कोन?"

"मी. पेंटर."

"कुठले पेंटर? हितं पेंटर म्याच हाय."

मग त्यानं नीट बघितलं. आतून त्याची लेक बाहेर आली, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला म्हणाला, "पानी दे ह्येंला. लांबून आल्यात. सही करायला आल्यात आपल्या भिंतीवर."

आम्ही आत जाऊन बसलो. मी मोबाइल काढून पुढं केला. पोस्टरचा तो पिवळा 'ळ'. त्यानं लेकीचा चष्मा मागून घेतला आणि मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"हे कुनी केलं?"

"पुण्याची एक मुलगी आहे. डिझाइन करते."

"हिनं 'ळ'ची गाठ सोडवली," तो म्हणाला. "म्या आवळून बांधायचो. बारीक पाटीत ती भरून जायची, डाग दिसायचा. हिनं सैल केली बग. बराबर केलं."

"आणि ही भिंत बघ."

"थांब. हे आधी बगू दे." तो मला अरेतुरे करत होता आणि त्याच्या ते ध्यानात नव्हतं. गुळाच्या वेष्टणावर हसला. "गुळाला एवढं नटवलं? खानारा कागदच चाटंल." शाळेच्या भिंतीवर आला तेव्हा लेकीला हाक मारून दाखवलं. "हे आपल्या शाळंत कामून न्हाय करत तुमी?" दहा मिनिटं आम्ही दोघं परत दुकानात बसल्यासारखे बोलत होतो. 'श'चा खालचा तुकडा तिनं जड ठेवलाय, मी म्हणालो. बरं दिसतंय, तो म्हणाला, मला ते तेव्हा जमलं न्हवतं.

मग त्यानं मोबाइल ठेवला. "आता सांगा, तुमी का आलात?"

मी सांगितलं. फॉन्ट, माझं नाव, पूर्वकाळ, उत्तरकाळ, खांबांचं पान, अज्ञात अनुयायी. पेटीचं आणि उंदरांचंही सांगितलं.

"उंदराचं म्हाईत हाय," तो म्हणाला. "धाराशिवात एवढं शिकलेलं उंदीर न्हवतं. खाके खायचं आन् पाट्या काढायचं."

लेक हसली नाही. ती माझ्याकडं सरळ बघत होती.

"मी उद्याच मॅडमना फोन करतो," मी म्हणालो. "तुझं नाव घालायला सांगतो. माझं काढायला सांगतो."

"काढायचं न्हाय."

"म्हणजे?"

"तुमचं नाव काढायचं न्हाय. तुमी सुटायला आलात. ह्येचं नाव घाला, माझं काढा, आन् मी चाललो. असं न्हाय." त्याचा आवाज चढला.

"अण्णा," लेक म्हणाली, "गोळी घेतलीय आत्ताच. हळू बोला."

"हळूच बोलतोय. तीस वर्सं हळूच बोललो." तो माझ्याकडं वळला. "माझं नाव घाला. शेजारी तुमचं घाला. आन् तुमी काय काय केलं ते तुमच्या हातानं लिवा. लिवता चांगलं, म्हाईत हाय मला. ते त्या पुस्तकात छापून येऊ द्या. ज्यानं अक्षर बघितलं त्यानं तेबी वाचलं पायजे. ते नसलं तर माझं नाव नको. ऱ्हाऊ द्या मला अज्ञात."

"आणि चहा?" लेकीनं विचारलं, त्याला की मला ते कळलं नाही.

"त्येंना ईचार. आमच्याकडचा चालतो का."

"आपण एका कपातला प्यायलोय," मी म्हणालो.

"व्हय. कपाला कोन सही करतंय."

चहा आला. मी प्यालो. तो प्याला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मंदिराच्या पाटीबद्दल परत एकदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला पद्धत विचारली तेव्हा तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललात."

"हो."

"पुस्तिका थांबवते. आधी त्यांना भेटते."

त्या तेरला जाऊन आल्या. मला बोलावलं नव्हतं. त्यांनी काढलेला व्हिडिओ मी नातीच्या मोबाइलवर बघितला. त्याच्या हाताला लेकीनं मनगटाशी आधार दिला आहे, अक्षरं सगळी उघड्या डोक्यानं उभी आहेत, आणि मग तो श्वास रोखून रेघ ओढतो. रेघ थरथरली. मॅडमनी फॉन्टमध्ये ती तशीच ठेवली आहे म्हणे. नात व्हिडिओ संपेपर्यंत माझ्याशेजारी उभी राहिली आणि मग मोबाइल घेऊन आत गेली. ती मला अजून आबा म्हणते. पण पेंटरकामाचं काही विचारत नाही. पेढे दिलेल्या चौघांनाही मी जाऊन खरं सांगितलं. दोघे म्हणाले, जाऊ द्या हो, जुन्या गोष्टी. ते ऐकून मला त्यांचाही राग आला.

मी लिहायला बसलो. लिहिलेलं मी त्याच्या लेकीकडं पाठवलं, तिनं त्याला वाचून दाखवलं. पहिल्या खेपेला निरोप आला की कमिटीचं लई लिवलंय, ते कमी करा, खाके कमिटीनं न्हाय चोरले. ते कमी केलं. दुसऱ्या खेपेला निरोप आला की शेवटी माफी मागितली आहे ती काढा, तिचा उपयोग फक्त तुमाला हाय. तीही काढली. माझे डोळे भरून आले असं एक वाक्य होतं, त्याखाली लेकीनं लाल पेननं रेघ मारून पाठवली होती. ते वाक्य आता ह्यात नाही.

ह्या मजकुरात आमची नावं नाहीत, तीही त्याच्या सांगण्यावरून. दोन्ही नावं पुस्तिकेच्या पहिल्या पानावर शेजारी शेजारी येतील. इथं नकोत, कारण त्याचं म्हणणं असं की आपल्याकडं लोक नाव वाचलं की आधी आडनाव बघतात आणि मग पुढचं त्या हिशेबानं वाचतात. आधी काय झालं ते वाचू दे.

पुस्तिकेबरोबर धाराशिवात पाट्यांचं प्रदर्शनही लागणार आहे. खांबांच्या फोटोंना मॅडमनी सगळ्यात मोठी भिंत दिली आहे, त्याच्या नावानं. माझ्या उत्तरकाळातल्या पाट्यांसाठी वेगळी भिंत आहे. तिच्यावर काय लिहायचं ते मॅडमनी त्याला विचारलं. त्यानं एकच शब्द दिला, 'नक्कल'. आणि अट घातली की प्रदर्शन चालू असेल तितके दिवस त्या भिंतीपाशी मी हजर राहायचं, आणि येणारा जे विचारेल त्याला उत्तर द्यायचं. मी हो म्हणालो आहे. माझे गुडघे चांगले नाहीत, म्हणून मॅडमनी तिथं खुर्ची ठेवू का असं त्याला विचारलं. त्यानं नको म्हणून सांगितलं.